कुलूप मजबूत, पण नोंदवहीचे काय?



‘लपवण्यासारखे काही नसेल तर व्हीपीएन कशाला?’ असे सर्रास विचारले जाते. फुकटच्या वाय-फायवरून आपली माहिती कोणाकोणाच्या हातून जाते हे आपल्याला ठाऊक नसते, एवढे कारण पुरेसे आहे. व्हीपीएन म्हणजे आपल्या फोनपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंतची झाकलेली वाट. ती सुरू होताच फोन आणि सर्व्हर एक गुप्त किल्ली ठरवतात. 1976 साली डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या पद्धतीमुळे ही किल्ली स्वतः कधीच वाटेवर येत नाही. दोन्ही टोके ती आपापल्या जागी गणिताने काढतात. त्यानंतर सगळा डेटा एईएस किंवा चाचा20 या एन्क्रिप्शन पद्धतीने कुलूपबंद होऊनच निघतो. वाय-फायवाल्याला दिसते ते फक्त कोणत्या सर्व्हरकडे, केव्हा आणि किती डेटा गेला.

मात्र हे कुलूप व्हीपीएनच्या सर्व्हरवर उघडते. पुढे मजकूर झाकण्याचे काम संकेतस्थळाच्या एचटीटीपीएसचे. आणि आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे व्हीपीएन कंपनीला कळू शकतेच. त्यामुळे ‘संपूर्ण गोपनीयता’ ही जाहिरात फसवी आहे. त्या कंपनीच्या दप्तरी काय राहते, यावरच सगळे अवलंबून असते.

नेमका तिथेच ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी घाव घातला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, आयपी पत्ते, इतकेच नव्हे तर सेवा घेण्याचा हेतूही, सेवा बंद झाल्यावरसुद्धा किमान पाच वर्षे जपून ठेवायचा! एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हरच काढून घेतले. सराईत गुन्हेगाराला परदेशी सर्व्हर मोकळेच आहेत. या नोंदींच्या यादीत अडकतो तो नियम पाळणारा. शिवाय अशी यादी एकदा चोरीला गेली, तर एन्क्रिप्शन कितीही भक्कम असून उपयोग नाही.

सायबर फसवणुकीचा तपास व्हायलाच हवा. पण त्यासाठी संशयिताच्या नावाने न्यायालयीन आदेश आणून त्याच्यापुरत्या नोंदी मागाव्यात. सरसकट सर्वांची नोंदवही ठेवणे, सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या पुट्टस्वामी निकालात मान्य केलेल्या खासगीपणाच्या मूलभूत हक्काशी विसंगत आहे. पाच वर्षांची ही अट सरकारने मागे घ्यावी.

– एक वाचक, ठाणे