साखर उतरली म्हणून इन्सुलिन सोडू नका

दहा-बारा वर्षांच्या मुलाला मधुमेह निघाला की घरात पहिला जाब अम्मीला विचारला जातो: किती मिठाई खाऊ घातलीस? शाळेत पालकांशी बोलताना हे आमच्या कानावर येते. टाइप 1 मधुमेह मिठाई खाल्ल्याने होत नाही, तेव्हा त्या माऊलीला आधी मोकळे करा. आम्हाला चिंता आहे ती निदानानंतरच्या काही महिन्यांची.

आपल्या जठरामागे स्वादुपिंड असते. 1869 साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याला त्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे वेगळे पुंजके दिसले. त्यांचे काम काय, हे त्याला उमगले नाही. पण पुढे त्यांना ‘लँगरहान्सची बेटे’ हेच नाव मिळाले. मोठ्या माणसात अशी सुमारे 10 लाख बेटे असतात, तरी ती सगळी मिळून स्वादुपिंडाचा जेमतेम 1 ते 2 टक्के भाग. इन्सुलिन बनवतात त्या यांतल्या बीटा पेशी.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. पेशीत त्याची घडी नीट बसावी लागते, तरच ते कामाचे. मागणी फार वाढली की घड्या चुकतात आणि बिघडलेला माल साचतो. मग पेशी नवे उत्पादन कमी करते आणि साचलेले मोडीत काढते. काही काळ हे निभावते. ताण हटलाच नाही, तर तीच यंत्रणा पेशीला मरणाकडे नेते.

टाइप 1 मध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक शक्ती या बेटांवर चालून जाते. तिथे दाह होतो, सायटोकाइन नावाची रसायने झिरपतात. मानवी बेटे प्रयोगशाळेत अशा रसायनांत ठेवली, तेव्हा इन्सुलिन सोडण्याचे त्यांचे काम बिघडलेले दिसले. शिवाय पेशींनी आपल्या पृष्ठभागावर ओळखीच्या खुणा वाढवल्या, म्हणजे हल्लेखोरांना त्या अधिकच ठळक दिसू लागल्या! आम्हाला हे फार विलक्षण वाटते.

निदान होते तेव्हा सगळ्याच बीटा पेशी मेलेल्या नसतात. काही नुसत्या गळून गेलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळाले की त्यांचे ओझे उतरते आणि त्या पुन्हा कामाला लागतात. काही मुलांची इन्सुलिनची गरज मग काही आठवडे, काही महिने बरीच घटते. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात. नेमके याच दिवसांत कुणी खाला किंवा चाचा कसलीशी पुडी आणून देतात. साखर उतरलेली असतेच, श्रेय पुडीला जाते आणि इंजेक्शन बंद होते. आत हल्ला चालूच असतो. पुढे खूप तहान, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास, तोंडाला फळासारखा वास. हा कीटोअॅसिडोसिस, यात मूल दगावू शकते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

हा हल्ला लांबवणारे टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत 2022 साली मंजूर झाले. सुरुवातीच्या टप्प्यातच रोग ओळखला गेला, तर पुढचा टप्पा त्याने साधारण दोन वर्षे पुढे ढकलता येतो. रोज इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला मात्र ते इंजेक्शनमधून सुटका देत नाही.

हनिमूनच्या काळात डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या. पेशी सावरल्या असताना जुनाच डोस दिला तर साखर एकदम खाली जाऊन मुलाला घाम फुटतो, कापरे भरते. म्हणून दप्तरात साखरेची पुडी ठेवा आणि वर्गशिक्षकांना ती दाखवून ठेवा.