पाटी गेटवर, गोंगाट वॉर्डात!

तालुक्याच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात रात्री अकरानंतर एक चक्कर मारून बघा. गेटवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. आत मात्र कुणाच्या मोबाईलवर रील चालू, स्ट्रेचरचं चाक करकरतंय, दार धाडकन आपटतंय, आणि एका खाटेभोवती चार-पाच नातेवाईकांच्या गप्पा रंगलेल्या. शेजारी नुकतंच सिझर झालेली बाई छताकडे बघत जागी.

ही किरकोळ तक्रार नाही. झोपमोड झाली की रक्तदाब वाढतो, दुखणं जास्त जाणवतं, वयस्कर रुग्ण भ्रमिष्टासारखं वागू शकतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच रुग्णसेवेवरच्या पुस्तकात आवाजावर एक वेगळं प्रकरण लिहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज नको.

बाहेरच्या आवाजासाठी कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४० डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग असं क्षेत्र ठरू शकतो. पण २०१७ च्या दुरुस्तीने राज्य सरकारची अधिसूचना बंधनकारक केली. म्हणजे नुसती पाटी लावून भागत नाही. आपलं रुग्णालय अधिसूचित आहे का, हे आमदारांना आणि तहसीलदारांना विचारायलाच हवं.

तरीही खरी मेख आतच आहे. मिरवणुकीचा डीजे वर्षातले काही दिवस वाजतो. वॉर्डातला गोंगाट मात्र रोजचाच. आणि तो कमी करायला फार पैसाही लागत नाही. चाकांना तेल, दारांना रबर, रात्री दहानंतर मोबाईल सायलेंट आणि मोठे दिवे बंद. जमेल तिथे बीपी तपासणं आणि औषध देणं एकाच फेरीत उरकायचं. रुग्ण कल्याण समितीने मनावर घेतलं तर आठवड्याभरात होणारी ही कामं आहेत.

नातेवाईकांना हाकलून देणं हा उपाय नाही. रात्रपाळीला मोजक्याच सिस्टर असतात. रुग्णाला पाणी देणं, उठवून बसवणं घरच्यांनाच करावं लागतं. पण एका रुग्णाजवळ एकच माणूस, हा पास पद्धतीचा नियम तरी पाळता येईल. तो पाळून घेण्याचं काम सिस्टरच्या माथी न मारता त्यासाठी रात्रीचा सुरक्षारक्षक हवा.

बाकी आपल्या हातात आहेच. भेटायला जाताना फळं न्या, पण आवाज गेटबाहेरच ठेवा.