अभिजात भाषेला अध्यापक हवेत

३ ऑक्टोबर हा दिवस आता अभिजात मराठी भाषा दिन म्हणून साजरा होतो. २०२४ साली याच तारखेला केंद्र सरकारने पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांच्यासोबत मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद रास्तच आहे. पण या दर्जासाठी रंगनाथ पठारे समितीने जे पुरावे मांडले, ते आधीच्या पिढ्यांतल्या अभ्यासकांनी शिलालेख आणि प्राकृत ग्रंथ वाचून, ताडून ठेवले होते म्हणून हाताशी आले. असे अभ्यासक पुढे कुठून येणार? भाषाविज्ञानात एम.ए. केले, नेट झाली, पीएच.डी. मिळाली आणि तरीही अर्ज करायला जागाच निघत नाही, हे दिसत असताना हुशार मुले या विषयाकडे का वळतील?

हे कायमच असे नव्हते. १९५०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे खास वर्ग भरले. देशभरातले तरुण अध्यापक तिथे शिकून गेले. कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिणारे अशोक केळकर डेक्कन कॉलेजात शिकवू लागले. ना. गो. कालेलकरांनी हाच विषय सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत आणला. या माणसांची विद्वत्ता त्यांची स्वतःची होती, पण ती फळाला आली कारण त्यांना कायम पद, ग्रंथालय आणि स्वस्थपणे काम करायला वर्षे मिळाली.

आज पदांचे काय? २०१७ साली राज्यात प्राध्यापक भरती थांबवली गेली. २०१८ साली ३,५८० पदांना मंजुरी मिळाली, तीही रिक्त जागांच्या काही हिश्शालाच. कार्यभार, आरक्षणाची बिंदुनामावली, ना हरकत प्रमाणपत्र या वाटेने फाइल पुढे सरकेपर्यंत आणखी माणसे निवृत्त होतात. याचा सर्वांत मोठा फटका लहान विषयांना बसतो. ज्या विभागात दोनच माणसे, तिथे एक गेला की अर्धा विभाग गेला.

त्यात जाहिरातीची अडचण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत ‘संबंधित’ विषयाबरोबरच निगडित विषयातील पदव्युत्तर पदवीही ग्राह्य धरलेली आहे. प्रत्यक्षात मराठी किंवा इंग्रजी विभागाची जागा निघते तेव्हा भाषाविज्ञानाचा उमेदवार बहुधा छाननीतच बाद होतो. मग एम.ए. मराठीची भाषाविज्ञानाची प्रश्नपत्रिका कथा-कादंबरीच्या अभ्यासकाला शिकवावी लागते. तो मनापासून शिकवतो, पण त्याचा तो विषय नव्हे.

इंग्रजीच्या वर्गात हीच उणीव हजारो मुलांना भोवते. प्रथम वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीत मुले लिहितात, ‘व्हाय यू आर लेट?’ लाल शाईची रेघ ओढली जाते आणि वही परत येते. मराठीत प्रश्न विचारताना कर्ता आणि क्रियापद जागा बदलत नाहीत, म्हणून मुले तसे लिहितात. हे ज्याला ठाऊक आहे, तो शिक्षक दोन्ही वाक्यरचना फळ्यावर शेजारी शेजारी मांडेल आणि दहा मिनिटांत सगळ्या वर्गाची चूक सुधारेल. लेखन शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. शेक्सपिअर उत्तम शिकवणाऱ्याला ते आपोआप येत नाही. शिवाय लेखन शिकवायचे तर वह्या तपासाव्या लागतात, आणि हा वर्ग अनेकदा ज्याच्या हाती जातो त्या तासिका तत्त्वावरील अध्यापकाला फक्त घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. वह्या तपासण्याचा मोबदला नाही, सुट्टीत वेतन नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. दोन-दोन महाविद्यालयांत धावणाऱ्या या माणसाकडून आपण शंभर निबंध काळजीने वाचण्याची अपेक्षा करतो, हा उघड अन्याय आहे.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. ही कामे पुढे न्यायला प्रशिक्षित माणसे लागतील आणि ती कंत्राटावर टिकणार नाहीत. म्हणून राज्य सरकारने प्रत्येक विद्यापीठात भाषाविज्ञानाची पूर्णवेळ, पूर्ण वेतनाची पदे मंजूर करावीत. आणि मराठी व इंग्रजी विभागांच्या पुढच्या जाहिरातीत भाषाविज्ञानाची पदवी ग्राह्य धरल्याचे कुलगुरूंनी स्पष्ट नमूद करावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढची जाहिरात निघण्यापूर्वी हे करता येईल.