पेंढा भरलेले वास्तव

सर्वच छायाचित्रे रचित असतात, तेव्हा त्यांत 'खरे' आणि 'बनावट' असा भेद करणे भाबडेपणाचे आहे, असा युक्तिवाद चिन्हमीमांसेच्या आधारे केला जातो. त्यातील गृहीतक मान्य करण्यासारखे आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत २०१७ साली मार्सिओ काब्राल यांचे 'द नाइट रेडर' हे छायाचित्र एका विभागात विजयी ठरले. ब्राझीलमधील एमास राष्ट्रीय उद्यान, चमकणाऱ्या अळ्यांनी उजळलेले वाळवीचे वारूळ आणि त्याच्याशी आलेला मुंगीखाऊ. हा प्राणी म्हणजे उद्यानाच्या अभ्यागत-केंद्रातील पेंढा भरलेला नमुनाच असण्याची दाट शक्यता आहे, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला आणि एप्रिल २०१८ मध्ये ते छायाचित्र अपात्र ठरवण्यात आले. काब्राल यांनी आरोप नाकारला.

तज्ज्ञांचा निर्वाळा ग्राह्य धरल्यास खोटे नेमके कोठे आहे? कॅमेऱ्यात नाही. चित्रातील वस्तू भिंगासमोर प्रत्यक्ष होती, हे रोलां बार्थने सांगितलेले छायाचित्राचे सारतत्त्व येथेही अबाधितच राहते. हिरोशी सुगिमोतो यांनी १९७६ साली न्यूयॉर्कच्या प्रकृतिविज्ञान संग्रहालयातील पेंढा भरलेलेच प्राणी टिपायला आरंभ केला. तेही क्षणभर जिवंत वाटतात. परंतु त्या मालिकेचे नावच 'डायोरामा' आहे. कृतकता दोन्हीकडे आहे. फरक चित्राला जोडलेल्या विधानात आहे. एक विधान कृतकता उघड करते, दुसरे तिच्यावर 'रानातला जिवंत प्राणी' अशी मोहोर उठवते. रचना ही कलेची अट आहे. असत्य हा विधानाचा दोष आहे. या दोन कोटींची गल्लत करणे ही सूक्ष्मता नव्हे, आळस आहे.

साहित्यसमीक्षेत हा आळस अधिक महाग पडतो. दलित आत्मकथनेही निवड, क्रम आणि निवेदन यांनी रचलेलीच असतात. परंतु 'हे घडले' हे त्यांचे विधान 'तीही एक रचनाच' म्हणून निकालात काढले, की समीक्षक त्याला उत्तर देण्याच्या जबाबदारीतून सुटतो. आणि ज्याच्यावर आरोप आहे तो समाजही सुटतो. संहिता कशी रचली आहे हे सांगितल्याने समीक्षेचे काम अर्धेच होते. ती कशाची ग्वाही देते आणि ती ग्वाही खरी आहे काय, हा प्रश्न त्यानंतरही विचारावाच लागतो.