पाच मिनिटांची घाई

पाच मिनिटांच्या चार्जिंगमध्ये ४०० किलोमीटर! चीनच्या बीवायडी कंपनीने मार्च २०२५ मध्ये हा दावा केला आणि पुढच्याच महिन्यात सीएटीएलने त्याच पाच मिनिटांत ५२० किलोमीटरची बेगमी करणारी बॅटरी जाहीर केली. दावे कंपन्यांचे आहेत आणि अंतर मोजण्याची चिनी चाचणी बरीच उदार आहे, तेव्हा प्रत्यक्ष रस्त्यावर त्यातून वजावट करावीच लागेल. तरीही ही प्रगती पोकळ नाही.

बॅटरी चार्ज होते म्हणजे लिथियमचे आयन एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. गर्दीच्या वेळी दादरला लोकल आली की जे होते, तेच इथे होते. दार तेवढेच, माणसे दसपट. आत शिरू न शकलेले आयन पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. यातले बरेचसे लिथियम कायमचे निकामी होते आणि बॅटरीची क्षमता घटते. कधी त्याला सुईसारखी टोके फुटून मधला पडदा भेदला जातो व शॉर्ट सर्किट होते. संशोधकांची सारी धडपड ही दारे रुंद करण्याची आहे. दुसरी अडचण उष्णतेची. प्रवाह दुप्पट केला की तारेतली उष्णता चौपट होते. म्हणून बीवायडीने व्होल्टेज १००० पर्यंत नेले. तरीही प्रवाह १००० अँपिअर लागतोच. म्हणजे एक मेगावॅट, तेही एका गाडीसाठी! दीड टनाच्या एसीला दीड किलोवॅट धरले, तर साडेसहाशेहून अधिक एसी एकाच वेळी सुरू केल्यासारखे. एवढा झटका वीजवाहिनीला सोसत नाही, म्हणून अशा केंद्रांवर आधी वीज साठवणाऱ्या वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागतात.

आपल्याकडे याचा उपयोग कुठे? ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर नक्कीच आहे. पण शहरातली मोटार दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून ३.३ किलोवॅटने रात्रीचे दहा तास चार्ज केली, तर ३३ युनिट मिळतात. युनिटला सहा-सात किलोमीटर धरले, तरी सुमारे २०० किलोमीटरची सोय झाली. हे सॉकेट पार्किंगमध्ये बसवू द्यायचे की नाही, यावर मात्र अनेक सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा अजून भांडताहेत. सरकारी पैसा आणि नियमांचा जोर आधी इथे लागायला हवा, मेगावॅटचे मनोरे नंतर.

गाडी घेणाऱ्यांनीही शोरूममध्ये 'किती मिनिटांत?' एवढेच विचारून थांबू नये. बॅटरीला आठ वर्षांची हमी सर्रास मिळते. ती रोज फास्ट चार्जिंग केल्यावरही लागू राहते का आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, हे लेखी मागून घ्यावे.