ऑडिटर आपणही निवडतो, फक्त अजेंडा कोणी वाचत नाही



हलका धान निसवला, भारी अजून पोटरीत आहे. तुडतुड्याची नोंद उद्या टाकतो. आज विषय दुसरा, कारण सप्टेंबर संपत आला आणि सोसायट्यांच्या आमसभा सुरू आहेत.

कृषीची पदवी करणारं एक पोरगं परवा धुऱ्यावर भेटलं. म्हणे, "काका, अमेरिकेत राज्याचा ऑडिटर लोकं मतं देऊन निवडतात. आपल्याकडं असं असतं तं एवढा पैसा मुरला असता का?"

प्रश्न चांगला आहे. हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पोरगं सांगते ते खरं आहे. तिकडे बऱ्याच राज्यांत ऑडिटरची निवडणूक होते. आयोवा घ्या, मका-सोयाबीनचं राज्य, आपल्यासारखेच शेतकरी मतदार. तिथे २०१८ मध्ये रॉब सँड नावाच्या उमेदवाराने पदावर असलेल्या ऑडिटरला हरवलं. २०२२ मध्ये तो परत निवडून आला, पण जेमतेम तीन हजारांपेक्षा कमी मतांनी. तो एका पक्षाचा, राज्यपाल आणि विधिमंडळ दुसऱ्या पक्षाचं. मग २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदाच केला की ऑडिटरला अमुक कागद मागता येणार नाहीत आणि खात्याने कागद नाकारला तर कोर्टातही जाता येणार नाही. राज्यपालांनी सही केली. आणि आता हाच ऑडिटर राज्यपालपदाचा उमेदवार आहे. तपासणारा मतं मागत फिरतो तेव्हा त्याचा प्रत्येक शेरा प्रचारासारखा वाटतो, खरा असला तरी. माझं मत सांगतो, राज्याचा ऑडिटर निवडणुकीने आणू नये. आपल्याकडे तर जात, पक्ष, कंत्राटदार सगळेच त्यात उतरतील.

आपल्याकडे राज्याचा हिशोबही कॅगच तपासते, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. कलम १४८ प्रमाणे राष्ट्रपती नेमतात. मुदत सहा वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी होईल ते. काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला काढण्याची जी पद्धत आहे तीच लागते. निवृत्तीनंतर केंद्राची वा राज्याची नोकरी घेता येत नाही. १९४९ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी या पदाचं काम न्यायव्यवस्थेपेक्षाही मोलाचं असल्याचं सांगितलं होतं. एवढं कुंपण घातलं, पण फाटक उघडं राहिलं. नेमणूक शेवटी त्याच सरकारच्या सल्ल्याने होते ज्याचा हिशोब तपासायचा आहे. यावर सुप्रीम कोर्टात याचिका आहे आणि मार्च २०२५ मध्ये कोर्टाने केंद्राला नोटीस काढली. तटस्थ समितीने नाव सुचवावं ही मागणी मला पटते.

पण आपल्या बांधीपर्यंत यायचं तर खरी अडचण उशिराची आहे. कॅग तपासते ते कापणी, मळणी सगळं झाल्यावर. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ ला सुरू झालं. कॅगचा अहवाल विधिमंडळात आला सप्टेंबर २०२० मध्ये. ९,६३३ कोटी खर्च झाले होते, सहा जिल्ह्यांतली १२० गावं तपासली आणि निष्कर्ष काय, तर गावं पाण्याने स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही. नमुना पद्धत आपल्या पीक कापणी प्रयोगासारखीच, त्यामुळे १२० गावं कमी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण अहवाल आला तोवर सरकार बदललेलं. एक बाजू म्हणाली घोटाळा, दुसरी म्हणाली राजकारण. बंधाऱ्यातला गाळ तिथंच.

गोसेखुर्दचं तर सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरीवाल्यांना सांगायला नको. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा प्रकल्प, १९८८ ला भूमिपूजन, २००९ ला राष्ट्रीय प्रकल्प, आणि किंमत गेली १८ हजार कोटींच्या वर. कॅगने यावर एकदा नाही, अनेकदा लिहिलं. ज्याच्या शेताच्या टोकाला वितरिका पोचली नाही त्याच्यासाठी त्या अहवालाचा उपयोग किती? तुडतुडे चुडात मोजायचे असतात, धान बसल्यावर करपलेले गोल नकाशावर मोजून काय करणार.

म्हणून मी पोराला म्हटलं, अमेरिका राहू दे, तुझ्या बापाने मागच्या वर्षी ऑडिटर निवडला आहे. त्याला पटेना.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०. यात आता अशी तरतूद आहे की संस्थेचा लेखापरीक्षक वार्षिक सर्वसाधारण सभेने नेमायचा, शासनाने मंजूर केलेल्या नामतालिकेतून. सेवा सोसायटी असो, आविका असो, दूध संस्था असो. ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. अजेंड्यावर मधेच कुठेतरी ओळ असते, "वैधानिक लेखापरीक्षकाची नेमणूक करणे". ती येते तोवर अर्धे सभासद चहाकडे गेलेले असतात. सचिव नाव वाचतो, कोणीतरी "मंजूर" म्हणतो, पुढचा विषय. ज्या संचालकांचा हिशोब तपासायचा त्यांनीच नाव सुचवलेलं असते. म्हणजे दिल्लीत जे होते तेच आपल्या समाजमंदिरात. फरक एवढाच की इथे आपल्या हातात हात वर करणं आहे.

याचा धानाशी संबंध काय ते सांगतो. आपल्या भागात आदिवासी विकास महामंडळाची हमीभाव खरेदी आविका संस्थांमार्फत होते. एका केंद्रावर, नाव सांगत नाही, ४० किलोच्या कट्ट्यामागे मला किलोभर धान जास्तीचा द्यावा लागला. विचारलं तर उत्तर, "घट येते ना भाऊ."

घट येते हे खरं आहे. कृषीवाल्या मंडळींनी हिशोब तपासून पाहावा. १७ टक्के ओलाव्याचा धान घेतला, जो खरेदीची कमाल मर्यादा आहे, आणि उचल व्हायला महिने लागून तो १४ टक्क्यांवर आला, तर १०० किलोचे साडेशहाण्णव किलो राहतात. साडेतीन किलो नुसती हवेत गेली, चोरी नाही. उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवला तर उंदीर, पाखरं, अवकाळी वेगळं. म्हणून प्रत्येक केंद्रचालकाला चोर म्हणणाऱ्यांत मी नाही. भरडाईसाठी उचल उशिरा झाली त्याचा भुर्दंड संस्थेवर पडतो, हे चूक आहे.

पण मग हिशोबही पूर्ण दिसला पाहिजे. ४० मागे एक म्हणजे अडीच टक्के. १०० कट्ट्यांमागे एक क्विंटल, २०२४-२५ च्या साधारण धानाच्या हमीभावाने २,३०० रुपये. ज्या केंद्रावर १०,००० कट्टे आले तिथे १०० क्विंटल, म्हणजे २ लाख ३० हजार. हा जास्तीचा धान साठा नोंदवहीत कोणत्या रकान्यात आहे? नसेल, तर घट पुन्हा वेगळी दाखवून संस्थेच्या, म्हणजे सभासदांच्या, माथी मारली जाते. आपण एकदा काट्यावर दिलं, दुसऱ्यांदा ताळेबंदात. काटापट्टी, साठा नोंदवही आणि उचलीचं वजन, हे तीन कागद शेजारी ठेवले की कळते. ते शेजारी ठेवणारा माणूस म्हणजे ऑडिटर. तो कोण असावा हे ठरवायचा पाच मिनिटांचा विषय आपण चहात घालवतो.

पेसा गावांना तर आणखी मोठा अधिकार आहे. गडचिरोलीचा बराचसा भाग आणि चंद्रपुरात राजुरा-जिवती-कोरपनाकडची गावं यात येतात. १९९६ च्या कायद्याच्या कलम ४ (फ) प्रमाणे ग्रामपंचायतीने खर्च केलेल्या निधीचं विनियोग प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावं लागते. ग्रामसभेने. सरपंच-ग्रामसेवकाच्या दोन सह्यांनी ते होत नाही. २०१५ पासून जो ५ टक्के अबंध निधी येते तो याच गावांचा. प्रत्यक्षात ठराव आधी लिहिला जाते आणि सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या जातात. काम झालं की नाही हे ज्याला बांधीतून डोळ्यांनी दिसते त्याचाच अंगठा कोऱ्या पानावर!

सगळीकडे असं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ला २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी येऊन दिलं, तेव्हापासून बांबूचा व्यवहार ग्रामसभेचा. गोंडपिपरीकडच्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेही बांबू स्वतः विकतात, तेंदू मात्र फांद्या तोडाव्या लागतात म्हणून त्यांनी बंद केला. जिथे पैसा गावाच्या खात्यात येते आणि मजुरी किती गेली हे सगळ्यांना ठाऊक असते, तिथे लपवायला जागा कमी उरते. तेंदूच्या फळीवर पुडे मोजणारी बाई मुंशीची बेरीज तोंडी पकडते, ती ताळेबंद समजणार नाही असं मला कोणी सांगू नये.

आमसभा व्हायची असेल त्यांच्यासाठी एवढं. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला मागचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात फुकट पाहता येतात. सचिव "साहेब नाहीत" म्हणाला तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मागच्या ऑडिटमधले दोष दुरुस्त केले का, हे 'ओ' नमुन्यात असते, तो मागा. ऑडिट वर्ग अ, ब, क, ड यातला कोणता मिळाला ते विचारा. आणि ऑडिटरच्या नावाचा विषय आला की नामतालिकेतली आणखी दोन नावं वाचायला लावा.

आमची सभा रविवारी आहे. जास्तीच्या कट्ट्यांचा प्रश्न मी लेखी दिला, पोच मिळाली. तुमच्या संस्थेचा 'ओ' नमुना कोणी पाहिला असेल तर त्यात घटीबद्दल काय लिहिलंय ते खाली टाका, संस्थेचं नाव झाकून टाकलं तरी चालते.