वाट पाहण्याआधी तपासून घेऊ

‘बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिराच बोलला होता,’ असा दिलासा अकोले ते जामखेड घरोघरी दिला जातो. त्यात माया असते. पण मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन वर्षांत, आणि तीच वर्षं वाट पाहण्यात निघून जातात. म्हणून हा अंक विकासात मागे पडणाऱ्या चिमुकल्यांसाठी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची रचना आहे. पण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात डोंगरातल्या आईला दर आठवड्याला नगर गाठणं अवघड. इथे जामखेडचा धडा मोलाचा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवलं.

त्याच धर्तीवर बाळाला बसतं-बोलतं करण्याचे व्यायाम घरच्यांच्या हाती कसे येतील, याचा शोध आम्ही या अंकात घेतला आहे. पालकांनो, अंगणवाडीताईंनो, तुमचे अनुभव आणि अडचणी आम्हाला जरूर कळवा.